सेवाव्रती फ्लॉरेन्स नाइटिंगेल

परिचारिकेचा व्यवसाय आज प्रतिष्ठेचा मानला जातो. तरी आपल्या घरच्या मुलीने तो पत्करावयाचे म्हटले, की पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने हा मार्ग धरावयाचे ठरविले, तेव्हा तिच्या वडिलांनी तिची समजूत घालण्याची मला गळ घातली, आणि मी ती घातली. त्या गोष्टीची रुखरुख अद्याप गेलेली नाही. म्हणूनच हे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरात एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. वडिलांनी स्वतः तिला ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकविला. घरात कशाचीच वाण नव्हती. वाण होती ती उपयुक्त कामाची. ईश्वराने आपणास सेवेसाठी पाचारण केले आहे, अशी तिची १८३७ साली श्रद्धा झाली. पण ती सेवा कोणती, हे उमगावयास काही वर्षे लागली. शेजारच्या खेड्यातील गोरगरिबांच्या आजारात ती धावून जाई. १८४५ साली एक गरीब स्त्री तिच्या डोळ्यांदेखत मरण पावली. उशाशी माणसे होती. पण त्यांच्या अजाणपणानेच रोग्याचा घात झाला, असे तिला दिसले. नुसती दया पुरत नाही, शुश्रूषा शिकावी लागते, हे तिच्या मनाने घेतले.

तिने सॉल्झबरीच्या रुग्णालयात शिकण्याची परवानगी मागितली. आईवडिलांनी ती साफ नाकारली. त्या काळी इस्पितळातील दाया मद्यपी व हलक्या चालीच्या समजल्या जात. तेव्हा त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही व निश्चयही सोडला नाही. पहाटे उठून ती रुग्णालयांचे अहवाल अभ्यासी. चालून आलेले विवाहाचे उत्तम स्थळ तिने नाकारले. अखेर १८५१ साली जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तिला काही महिने शिक्षण मिळाले, आणि १८५३ साली वडिलांनी सालिना ५०० पौंडांची नेमणूक करून दिली.

पुढील वर्षी क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांसह बाई तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. रात्री दिवा घेऊन फिरणारी त्यांची मूर्ती जगाला ठाऊक आहे. परंतु त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत. जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते. १८५५ च्या वसंतात सरकारी आरोग्य मंडळाने गटारे साफ केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. स्वदेशी परतल्यावर बाईंनी आकडेवारी तपासून हा धडा निःसंकोच स्वीकारला व जन्मभर स्वच्छतेचा पाठपुरावा केला. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे परिचारिकांचे विद्यालय निघाले. त्यामुळे सभ्य घरच्या मुलींना हा मार्ग मोकळा झाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी बाई निवर्तल्या.

त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. परंतु येथील आरोग्याची चिंता त्यांनी दीर्घकाळ वाहिली. पुढे पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणास हात घालून आपल्या भगिनींना तीच वाट दाखविली.

तात्पर्य, ही प्रेरणा दुःख पाहून जागी होते आणि ज्ञानाने टिकते. ती आपल्या कन्येच्या ठायी दिसली, तर निदान आपण तिच्या वाटेत उभे राहू नये, एवढीच विनंती.