रंगो बापूजी गुप्ते : एका फिर्यादीची चौदा वर्षे

रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्याचे नाव निघाले की आपणां सर्वांस प्रथम स्मरण होते ते दादाजी नरसप्रभूंचे. त्याच कुळात पुढे जन्मास आलेल्या रंगो बापूजींच्या वाट्यास रणांगण आले ते आयुष्याच्या अखेरीस. त्यापूर्वीची त्यांची सारी उमेद खर्ची पडली ती तहनामा व अर्ज हाती घेऊन परक्या राजधानीत न्याय मागण्यात. म्हणूनच की काय, त्यांच्या या कामगिरीचे पोवाडे फारसे कोणी गाइले नाहीत.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविले आणि १८१९ साली त्यांच्याशी तह केला. तहाने महाराजांचे हातपाय पुष्कळच बांधले गेले होते. तरी तह म्हटला की तो उभय पक्षांस बंधनकारक, अशी महाराजांची सरळ समजूत होती. पुढे जहागिरदारांवरील अधिकाराचा वाद उपस्थित झाला. त्यात लंडनच्या डायरेक्टरांचा कौल महाराजांकडे झुकला असता मुंबई सरकारने तो साताऱ्यास कळविलाच नाही. वरिष्ठाने दिलेला न्याय कनिष्ठाने दाबून ठेवावा, यापरते अधिकाराचे उल्लंघन ते कोणते?

यानंतर आरोपांची रास पडली. कंपनीच्या शिपायांस फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला, असे ते आरोप होते. महाराजांचे मागणे एकच होते : पुरावा समोर ठेवावा व उघड चौकशी व्हावी. गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक यांनी १८३९ साली साताऱ्यास येऊन निराळाच मार्ग सुचविला. कबुलीच्या कागदावर सही करावी, म्हणजे गादी राहील. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबरात त्यांस गादीवरून काढून काशीस रवाना करण्यात आले, व त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब गादीवर आले.

महाराजांची ही फिर्याद घेऊन रंगो बापूजी विलायतेस गेले व १८५३ पर्यंत तेथेच राहिले. समुद्रपर्यटन हाच जेथे दोष, त्या काळी हे प्रस्थान केवढ्या धैर्याचे होते याची आज कल्पना येणे कठीण. त्यांनी प्रथम ओळखले ते हे की कंपनी म्हणजे एकजीव सत्ता नव्हे. डायरेक्टर, त्यांच्यावर भागीदारांची सभा, वर सरकारचे नियामक मंडळ, आणि या सर्वांवर पार्लमेंट. एक दार मिटले की त्यांनी दुसरे ठोठवावे. भागीदारांच्या सभेत जॉर्ज थॉम्सन व जोसेफ ह्यूम यांनी साताऱ्याचा पक्ष हिरिरीने मांडला. साताऱ्यास पूर्वी रेसिडेंट असलेले लॉडविक साहेबही पुढे महाराजांच्याच बाजूने बोलले. साताऱ्याचे कागद पार्लमेंटपुढे छापून आले. ज्या पुराव्यावर राजा पदच्युत झाला तो निदान जगाच्या नजरेस तरी पडला. मते मोजण्याची वेळ आली की मात्र पारडे दर वेळी कंपनीकडेच झुके.

१८४७ साली महाराज काशीस निवर्तले. अशिलाच्या मृत्यूने वकिलाचे काम संपते, असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता. रंगो बापूजी लंडनमध्येच राहिले, कारण महाराजांनी दत्तक घेतला होता. पुढील वर्षी अप्पासाहेबही वारले. त्यांनीही दत्तक घेतला होता. लॉर्ड डलहौसीने दोन्ही दत्तके अमान्य करून राज्य खालसा केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी या खालसाकरणास विरोध केला, तोही व्यर्थ गेला. थोरल्या बंधूंनी सही नाकारून गादी गमावली. धाकटे इंग्रजांच्या मर्जीने गादीवर आले, पण त्या मर्जीने त्यांच्या दत्तकास तारले नाही. सही केली असती तर राज्य वाचले असते, असे म्हणणारांनी एवढे अवश्य ध्यानात घ्यावे.

हाती पैसा उरला नाही, कर्ज झाले, आणि १८५३ च्या अखेरीस रंगो बापूजींनी विलायत सोडली. कायद्याची जेवढी दारे होती तेवढी सर्व त्यांनी ठोठावून पाहिली होती. १८५७ साली साताऱ्यास उठावाची जुळवाजुळव झाली तिच्या मुळाशी हेच वृद्ध वकील होते. चौदा वर्षे अर्ज लिहिणाऱ्या हाताने अखेर शस्त्राचा आधार का घ्यावा, याचे उत्तर त्या अर्जांच्या निकालांतच आहे, असे आम्हांस वाटते. कट फुटला. त्या सप्टेंबरात साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांस देहान्त शिक्षा देण्यात आल्या; कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी बंदुकीच्या गोळीने. त्या सतरांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता.

पिता सरकारच्या हाती लागला नाही. त्यांस पकडून देणारास बक्षीस लावण्यात आले, शोध पुष्कळ झाला. परंतु त्या पावसाळ्यात साताऱ्याहून निघून गेलेले रंगो बापूजी पुढे कोणाच्याच दृष्टीस पडले नाहीत.