दुष्काळातून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

वांद्र्यापासून उत्तरेकडे आमच्या उपनगरांतील जुन्या गावठाणांतून फिरू लागले म्हणजे वाटेच्या वळणावर ठिकठिकाणी दगडी क्रूस दृष्टीस पडतात. त्यांपैकी कित्येक क्रूस 1896 साली मुंबईत प्लेग शिरला त्या सुमारास लोकांनी उभारलेले आहेत. ज्याच्या हातून ही शिक्षा आली असे भोळ्या भाविकांस वाटले, त्याच्याच पायांशी त्यांनी आश्रयही मागितला. पवित्र शास्त्राच्या तासास आम्ही ही गोष्ट सांगत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले की, साथ आणि दुष्काळ हा जर देवाचा न्याय, तर पाळण्यातल्या मुलाने अपराध तरी कोणता केला? आम्ही उत्तर दिले. पण त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. म्हणून हा प्रश्न जिच्या जन्मभर सोबतीस होता अशा एका बाईचे चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. रमाबाईंस विद्या मिळाली ती अशी चालता चालता, आईच्या मुखातून.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांनी होते नव्हते ते द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानात वेचले होते. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. अशा स्थितीत झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईचे प्रेत नेण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांद्यावर तिरडी पेलेना. तेव्हा आईचा भार तिने डोक्यावर वाहिला. विद्यार्थी मित्रांनो, त्या वेळी तिचे वय आपल्या शाळेतील वरच्या वर्गांतल्या मुलींएवढेच होते. आपल्या घराने असा काय गुन्हा केला, हे तिला कोण सांगणार होते?

यापुढील काही वर्षे आम्ही भराभर ओलांडतो, कारण ती पुष्कळांस ठाऊक आहेत. बहीणभाऊ पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी तिचा विवाह झाला. मनोरमा ही कन्या जन्मली. आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. रमाबाई पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, पुढे इंग्लंडास गेल्या, आणि तेथे 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या. परत आल्यावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास हलविले.

येथे एक न्यायनिवाडा मनुष्यांच्या हातूनही झाला. शाळेत धर्माची सक्ती नव्हती. परंतु बाईंच्या प्रार्थनेस काही मुली आपण होऊन बसू लागल्या व त्यांचे मन ख्रिस्ती धर्माकडे वळले. 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. अनेकांनी आपल्या मुली घरी नेल्या. आमच्या वाचकांत हिंदू पालक पुष्कळ आहेत. या प्रकरणी त्यांचे मत आमच्याहून निराळे असेल, आणि त्यास कारणही आहे. विश्वासाने धाडलेली मुलगी घरच्या धर्मातून जाते हे पाहून कोणत्या आईबापांचे काळीज हलणार नाही? आम्ही एवढेच म्हणतो की बाईंनी दार लावून लपवाछपवी केली नाही.

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत न्यायाचे रूप कसे आहे हे येथे सांगितले पाहिजे. आमोस राष्ट्रावर ठपका ठेवतो तो खोट्या तराजूबद्दल आणि गरिबास जोड्याच्या किमतीस विकल्याबद्दल. न्याय प्रथम बळकटांच्या दारी येतो, हे आम्ही त्या तासाला सांगावयास विसरलो होतो. ख्रिस्तापूर्वी 586 साली बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले. पण वेढा पडलेला असता, देश हातचा जात असता, यिर्मयाने अनाथोथ येथील शेत सतरा शेकेल रुपे मोजून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात जपून ठेवविले. त्या भूमीत पुन्हा घरे व मळे होतील, ही त्याची खूण. सुमारे पन्नास वर्षांनी कोरेश राजाच्या आज्ञेने लोक खरोखरच परतू लागले.

रमाबाईंनीही एक शेत घेतले होते. पुण्यापासून सुमारे 55 किलोमीटरांवर, दौंडच्या वाटेस, केडगाव येथे. फळझाडे लावून शाळेचा खर्च भागवावा हा हेतू. पण 1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, आणि बावीस वर्षांपूर्वीची ती तिरडी जणू पुन्हा डोक्यावर आली. बाई स्वतः तिकडे गेल्या. कोणाच्या पापाने ही दशा झाली याची चौकशी करीत बसल्या नाहीत. सुमारे 300 स्त्रिया व मुली त्यांनी पदराखाली घेतल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्यांची सोय होईना, तेव्हा ती उघडी शेतजमीनच त्यांचे घर झाली. तिचे नाव मुक्ती. प्लेगच्या सरकारी इस्पितळांत स्त्रियांची हेळसांड होते हे दिसताच 1897 साली त्यांनी वर्तमानपत्रात तसे उघड लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून त्यांची गय केली नाही. 1900 च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथील मुलींची भर पडून मुक्तीची वस्ती 2000 च्या घरात गेली. त्यांतील कित्येक जणी येऊनही वाचल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ज्या वाचल्या त्या विणू, शिवू, दळू, शेत करू आणि छापखाना चालवू लागल्या.

तो छापखाना पुढे बाईंच्या शेवटच्या कामास आला. मराठी शास्त्राची भाषा खेड्यातील बायकांस कळत नाही, ती संस्कृत शब्दांनी जड झाली आहे, असे त्यांस वाटे. पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. संस्कृत जिच्या जिभेवर, तिने ते शब्द हातचे टाळावे, हा त्याग लहान नव्हे. विलापगीतात एके ठिकाणी तान्ह्या लेकराची जीभ तहानेने टाळूस चिकटते, मुले भाकर मागतात आणि कोणी देत नाही. हे लिहिताना बाईंस काय आठवले असेल ते आम्ही कसे सांगावे? पण त्या ग्रंथाचा कर्ता न्याय मान्य करतो आणि तरीही रडतो, देवापाशी तक्रार करतो. त्याला कोणी गप्प केलेले नाही, त्याचे रडणे शास्त्रात ठेवलेले आहे. आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही आता हेच पान वाचावयास दिले आहे.

1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. आईच्या मागे काम चालविणारी हीच एक. वय अवघे चाळीस. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. कान अगदी मंद झालेले, शरीर थकलेले. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण शास्त्र 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तेथल्याच मुलींनी आणि बायांनी जुळविले होते.