रॉबर्ट ओवेन व गुन्ह्यांचा बंदोबस्त

चोरास शिक्षा झाली पाहिजे, याबद्दल आमच्या व्यापारी बंधूंत दुमत नाहीं. परंतु चोरीची वाट आधींच कोणीं बंद करावयाची, हा प्रश्न क्वचितच निघतो. ज्या गृहस्थानें तो एका सबंध गांवापुरता सोडवून पाहिला, त्या रॉबर्ट ओवेन यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ओवेन यांचा जन्म १७७१ सालीं वेल्समधील न्यूटाऊन येथें झाला. दहाव्या वर्षीं घर सोडून ते कापडाच्या दुकानांत उमेदवारी करूं लागले, आणि विशीच्या सुमारास मँचेस्टर येथील एका मोठ्या सूतगिरणीचा कारभार त्यांच्या हातीं आला. १७९९ मध्यें त्यांनीं भागीदारांसह स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्कची गिरणी डेव्हिड डेल यांजकडून ६०,००० पौंडांस घेतली. गिरणीभोंवतीं मजुरांसाठींच वसविलेलें सुमारें २,००० वस्तीचें गांव होतें. दारूबाजी, तंटे व गिरणीच्या मालाची चोरी तेथें नित्याची होती.

त्या काळीं इंग्लंडच्या कायद्यानें दुकानांतून पांच शिलिंगांचा माल चोरणारास फांशीही होऊं शके. ओवेन यांनीं मात्र चोरट्यांस कोर्टांत न खेंचतां, माल एका हातांतून दुसऱ्या हातीं जातांना अशी नोंद ठेविली कीं, तूट कोठें पडली हें तत्काळ कळावें. दारूचीं दुकानें घरांजवळून हळूहळू हटविलीं. गांवांत हलका माल चढ्या दरानें उधार विकला जाई. ओवेन यांनीं रोखीनें घाऊक खरेदी करून चांगला माल जवळजवळ खरेदीच्याच भावानें दिला. त्यामुळें मजुरांचा या खर्चांतील सुमारें चौथा हिस्सा वांचला.

प्रत्येक कामगाराजवळ चौरंगी लांकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशींचें वर्तन वाईट असल्यास काळी, बेताचें असल्यास निळी, चांगलें असल्यास पिवळी व उत्तम असल्यास पांढरी बाजू पुढें असे. मारहाण नव्हती, नोंद अन्यायाची वाटल्यास थेट ओवेन यांजकडे दाद मागतां येई.

तरीही या परक्या मालकावर मजुरांचा विश्वास एकदम बसला नाहीं. पुढें अमेरिकेनें निर्यात रोखल्यामुळें गिरणी चार महिने थांबली, तेव्हां ओवेन यांनीं केवळ यंत्रें साफ ठेवण्याच्या कामावर सर्वांस पुरा पगार दिला. त्यास ७,००० पौंडांहून अधिक लागले. पण शिक्षेच्या धाकानें जें साधलें नसतें, तें त्या रकमेनें साधलें. दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणें त्यांनीं बंद केलें व १८१६ च्या पहिल्या दिवशीं गांवांत मोठें विद्यालय उघडलें. मनुष्याचा स्वभाव परिस्थिति घडविते, हें त्यांचें मत होतें.

दोषही सांगितले पाहिजेत. न्यू लॅनार्कमध्यें सर्व सत्ता मालकाच्या हातीं होती. व्यवस्था चांगली, पण ती रयतेनें केलेली नव्हे. १८२५ सालीं ओवेन यांनीं अमेरिकेंत इंडियाना प्रांतीं न्यू हार्मनी ही समाईक मालकीची वसाहत काढली. तेथें येईल त्यास प्रवेश मिळाला. कष्टाळू व आळशी एकाच पंक्तीस बसले. राज्यघटना वारंवार बदलल्या. १८२७ मध्यें प्रयोग मोडला व ओवेन यांच्या संपत्तीचा मोठा भाग त्यांत गेला. १८५८ सालीं जन्मगांवींच त्यांचा अंत झाला.

आमच्या मतें या दोन्ही गांवांचा धडा एकच आहे. नुसता सद्धेतु गुन्हा थांबवीत नाहीं, व नुसता दंडुकाही थांबवीत नाहीं. चोख हिशेब, पोटापुरता पगार, मुलांस शाळा आणि गाऱ्हाणें ऐकणारा कान, हीं चारही लागतात. वखारींतून माल गेला म्हणजे आपण प्रथम पोलिसांकडे धांवतो. तेथें अवश्य जावें. परंतु परत आल्यावर आपली वही गेल्या कित्येक महिन्यांत कोणी तपासली काय, आणि नोकराचा पगार कधींपासून थकला आहे, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.