वेठीच्या मुलखातल्या गोदूताई

पावसाळा सरला की डहाणू आणि तलासरीचा डोंगराळ पट्टा उंच गवताने भरून जातो. एके काळी हे गवत म्हणजे मोठा व्यापार होता. कापून, गठ्ठे बांधून ते मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होई. जमीन सावकार-जमीनदारांची आणि श्रम वारली आदिवासींचे, अशी ती वाटणी होती. श्रमाला मोल मात्र जवळजवळ नव्हते. मालकाचे बोलावणे आले की स्वतःच्या शेतातले काम टाकून त्याच्या शेतावर हजर व्हायचे, ही वेठ. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायकोने मालकाकडे राबत राहायचे आणि ते कर्ज जन्मात फिटायचे नाही, हा लग्नगडी. नकाराला उत्तर मारहाणीचे असे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात या पिळवणुकीची नोंद केली होती. व्यवस्था तरीही जागची हलली नाही.

आज कार्यसंस्कृती आणि कर्मचाऱ्यांची प्रेरणा या विषयांवर व्याख्याने होतात, अभ्यासक्रम चालतात. काम धाकाने होते की आत्मसन्मानाने, या प्रश्नाची याहून कठोर परीक्षा मात्र क्वचितच कोठे झाली असेल. ज्यांनी ती घडवली, त्या गोदावरी परुळेकर मुळात या मुलखाच्या नव्हत्याच.

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ साली पुण्यातील एका सुखवस्तू, सुशिक्षित घराण्यात झाला. वडील लक्ष्मणराव नामांकित वकील. फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर त्यांनी कायद्याची पदवी घेतली. ती मिळवणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. १९३२ मध्ये सत्याग्रहात उतरून त्या तुरुंगात गेल्या. घरचा विरोध पत्करून पुढे त्या मुंबईला आल्या आणि नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. तिथवर स्त्रीला सदस्यत्व न देणाऱ्या त्या संस्थेच्या त्या पहिल्या आजीव महिला सदस्य. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली, घरकाम करणाऱ्यांना संघटित केले. समाजाची शिस्त, साधेपणा आणि कामाचा चोखपणा त्यांच्या अंगी कायमचा मुरला. पण सेवा करणारा आणि सेवा घेणारा हे अंतर त्या कार्यपद्धतीत शिल्लकच राहत होते. गोदावरीबाईंना ते खटकले. समाजातील सहकारी आणि कामगार कार्यकर्ते शामराव परुळेकर यांच्याशी १९३९ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनी समाज सोडला आणि कम्युनिस्ट पक्षाची वाट धरली. युद्धविरोधी चळवळीपायी १९४० मध्ये पुन्हा तुरुंगवास घडला.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. त्यासाठी आलेल्या मोजक्या वारली प्रतिनिधींत माह्या धांगडा होते. तेथून परुळेकर दांपत्याचा या मुलखाशी जो संबंध जुळला, तो अखेरपर्यंत टिकला.

गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्या घरी शिजेल ते जेवल्या. हे वर्णन अनेक पुढाऱ्यांच्या चरित्रांत सापडते, त्यामुळे त्याचे अप्रूप कमी वाटण्याचा संभव आहे. परंतु मालकासमोर मान वर करण्याचीही चोरी असलेल्या माणसांच्या पंगतीला एक वकीलकन्या बसते, याचा परिणाम शंभर भाषणांनी झाला नसता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निरोप पोहोचवणे, सभा जमवणे, निर्णय पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवणे, ही कामे त्यांनी वारल्यांवरच सोपवली. आळशी, व्यसनी आणि बेभरवशाचा असा ज्याच्यावर मालकवर्गाने शिक्का मारला होता, तोच माणूस आता रात्रीत कित्येक कोस चालून पुढच्या पाड्याला निरोप देऊ लागला.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६०च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातला गेले आणि हा भाग तलासरीचा म्हणून महाराष्ट्रात राहिला. परिषदेत वेठ आणि लग्नगडीची पद्धत धुडकावण्याचे, दामाशिवाय काम न करण्याचे ठरले. लाल बावटा घेतलेल्या तुकड्या गावोगाव जाऊन लग्नगड्यांना सोडवू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ काही आठवड्यांत मोडली.

खरी कसोटी गवताच्या हंगामात लागली. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये, ही मागणी. दर वजनावर मागण्यात शहाणपण होते: जितके गवत कापले तितके दाम, त्यात मालकाच्या मेहेरबानीला जागा नाही. शिवाय गवत वाट पाहत नाही, वेळेवर कापले नाही तर रानातच वाळते. संपकऱ्यांची घरे रिकामी होती, पण या एका गोष्टीने त्यांचे पारडे जड केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदावरीबाईंच्या नावाने उठवलेल्या अफवेने तलवाडा येथे मोठा जमाव गोळा झाला आणि त्याच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. दहशतीने संप मोडेल हा मालकांचा होरा चुकला. वाढीव दर त्यांना मान्य करावा लागला.

पुढच्या वर्षी जंगलातील लाकूडतोडीच्या कामासाठी रोज सव्वा रुपया मजुरीची मागणी पुढे आली आणि संप महिनाभर चालला. त्याच वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, सरकारने गोदावरीबाईंना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. पुढारी नजरेआड झाला की अनुयायी विखुरतात, हा सरकारी अनुभव येथे मात्र उपयोगी पडला नाही. पाड्यांवरच्या समित्या काम करीतच राहिल्या.

यानंतरचा काळ संघर्षाचा आणि बंदिवासाचा. १९५७ मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. १९६१ मध्ये दोघांनी आदिवासी मुलामुलींच्या शिक्षणासाठी आदिवासी प्रगती मंडळ स्थापन केले. पुढे दोघेही स्थानबद्ध असताना, ऑगस्ट १९६५ मध्ये शामरावांचे तुरुंगातच निधन झाले. गोदावरीबाईंनी आपल्या कारावासाची हकीकत पुढे ‘बंदिवासाची आठ वर्षे’ या पुस्तकात सांगितली. वारल्यांच्या उठावाची कहाणी मात्र त्याआधीच, १९७० मध्ये, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून वाचकांपुढे आली होती आणि १९७२ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्या पुस्तकात स्वतःचा मोठेपणा सांगण्याची संधी पानोपानी होती. लेखिकेने ती वारल्यांची नावे नोंदवण्यासाठी वापरली.

१९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाला दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.