दादासाहेबांनी पाहिलेले नवल

खानदेशातील मुलांना यात्रेची गोडी नव्याने सांगावी लागत नाही. मुक्ताईनगरची मुक्ताईची यात्रा असो, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा असो, की धुळ्याच्या एकवीरादेवीची यात्रा असो. रहाटपाळणा फिरू लागला, की मुलांचे पाय घरात ठरत नाहीत. पण यात्रा ही ओळखीची असते. अलीकडे मोठ्या शहरांच्या जवळपास मनोरंजनाची विस्तीर्ण उद्याने उभी राहिली आहेत. जळगावचे अथवा धुळ्याचे एखादे कुटुंब अशा ठिकाणी प्रथमच जावयाचे ठरविते, तेव्हा घरात आठ-आठ दिवस बेत चालतो. गाडी किती वाजता सुटते, तिकिटांना पैसे किती पडतील, आजीला एवढे चालवेल काय, धाकट्याला उंच पाळण्याची भीती वाटेल काय, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी किती बरोबर घ्यावी, अशा नाना प्रश्नांचा खल होतो. वडील हिशेब करतात, आई शिदोरीचे पाहते आणि मुले झोपेतही तेथेच हिंडत असतात.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईतील एक कुटुंब असेच एका अनोळखी करमणुकीला प्रथमच गेले होते. तेथे जाऊन ते केवळ करमणूक करून परतले नाही. त्या एका संध्याकाळीतून भारतीय चित्रपटाचा जन्म झाला. त्या कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतो.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. घरात पूजाअर्चा, पुराणकथा आणि श्लोकपठण यांचा नित्य पाठ होता. धुंडिराजांच्या हाताला मात्र लहानपणापासून रंगांची आणि रेषांची ओढ. ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण यांचा त्यांनी अभ्यास केला. छायाचित्रे काढणे, ठसे तयार करणे, रंगीत छपाई करणे अशा अनेक कला त्यांनी हस्तगत केल्या. जादूचे प्रयोगही ते शिकले. फाळके हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादू दाखवीत!

परंतु त्यांचे जीवन सुखाचे नव्हते. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला होता. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही दगावली. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुढे दादासाहेबांनी छपाईच्या धंद्यात नाव मिळविले. १९०९ साली यंत्रसामग्रीसाठी ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदाराशी मतभेद झाले आणि त्यांनी छापखाना सोडला. वय चाळिशीच्या घरात, पदरी मुलेबाळे आणि हाती उद्योग नाही, अशा अवस्थेत ते दिवस काढीत होते.

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत गिरगाव भागात ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ नावाचे चित्रगृह होते. त्या काळी चित्रपट मुका होता आणि तो बहुधा परदेशांतून येत असे. एके दिवशी दादासाहेब आपला मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन तेथे गेले. अंधारात पांढऱ्या पडद्यावर जिवंत प्राणी हालताना, चालताना दिसू लागले. सहा-सात वर्षांचा भालचंद्र थक्क झाला. घरी आल्यावर त्याने ते सारे वर्णन करून सांगितले. पण ते कोणाला खरे वाटेना. भिंतीएवढ्या कापडावर प्राणी कसे हालतील? घरच्यांनी ती बालकल्पना मानली.

दादासाहेबांना हे रुचले नाही. जे नवल आपण पाहिले, ते घरातील सर्वांनी पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि ते कुटुंबाला घेऊन पुन्हा तेथे गेले. सरस्वतीबाईंनी या संध्याकाळची आठवण पुढे सांगून ठेविली आहे. विजेच्या दिव्यांनी उजळलेला तंबू, वाजणारा बँड, माणसांची गर्दी, आणि मग एकाएकी झालेला अंधार! त्या गृहिणीने असे दृश्य पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी पडद्यावर येशू ख्रिस्ताचे जीवन दाखविले जात होते. ख्रिस्ताचे हाल पाहून प्रेक्षकांचे डोळे पाणावले. दादासाहेब पडद्याकडे पाहत होते, पण त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. परक्या देशांतील लोक जर आपल्या पूज्य पुरुषांची कथा अशी जिवंत करू शकतात, तर आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून हे का होऊ नये? घरी परतताना त्यांनी आपला हा विचार पत्नीपाशी बोलून दाखविला. घरातील तंगी जाणणाऱ्या सरस्वतीबाई गप्पच राहिल्या.

चित्रे हालतात तरी कशी? चित्रफीत म्हणजे एक लांबच लांब पट्टी. तिच्यावर ओळीने असंख्य स्थिर छायाचित्रे असतात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राहून किंचित निराळे असते. त्या काळी सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे डोळ्यांपुढून सरकत. दोन चित्रांमधील अंधार आपल्याला जाणवत नाही आणि सारी चित्रे मिळून एकच हालचाल भासते. पट्टीच्या कडांना बारीक भोके असतात. यंत्राचे दाते त्या भोकांत अडकून पट्टी पुढे ओढतात.

हे मर्म उलगडण्यासाठी दादासाहेबांनी स्वतःला कामात झोकून दिले. त्यांनी एक लहानसे यंत्र आणि चित्रफिती विकत आणल्या. रात्री मेणबत्तीच्या उजेडात घरच्या भिंतीवर चित्रे पाडून ते त्यांचा अभ्यास करीत. दिवसाचे चार-पाच तास चित्रगृहात जात. झोप अशी जवळजवळ उरलीच नाही. या अतिश्रमाचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली! ज्या माणसाला जगाला चित्रे दाखवावयाची होती, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला. सुदैवाने औषधोपचाराने दृष्टी परत आली. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. दादासाहेब पुन्हा त्याच कामाला लागले.

आता प्रत्यक्ष विद्या शिकण्यासाठी इंग्लंडला जाणे भाग होते. पैसा कोठून आणावा? त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या आणि १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. त्या ओळखीवर ते सरळ त्याच्या कचेरीत गेले. संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यातील धोके सांगितले. पण या परक्या पाहुण्याची चिकाटी पाहून त्यांना साह्यही केले. त्यांच्या ओळखीने दादासाहेबांना सेसिल हेपवर्थ यांचा चित्रपटनिर्मितीचा कारखाना पाहावयास मिळाला. कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि इतर सामग्री खरेदी करून ते मायदेशी परतले.

पण चित्रपटासाठी भांडवल देणार कोण? पूर्वी कोणी न केलेल्या उद्योगात पैसा गुंतविण्यास धनिक तयार होईनात. तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती योजिली. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक काळ धीराने ते त्याची चित्रे घेत राहिले. पडद्यावर मात्र थोड्या अवधीत तो दाणा अंकुरला, वाढला आणि त्याचा वेल झाला! हे पाहणाऱ्यांना दादासाहेबांच्या कौशल्याची खात्री पटली. तरीही हाती येणारी रक्कम पुरेशी नव्हती. अशा वेळी पूर्वी गप्प राहिलेल्या सरस्वतीबाई पुढे आल्या. त्यांनी आपले दागिने गहाण ठेवण्यास काढून दिले. संसारी स्त्रीचे दागिने म्हणजे तिच्या अडीअडचणीचा आधार. तो त्यांनी पतीच्या ध्येयासाठी हातावेगळा केला.

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दाबके यांनी केली. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, कारण त्या काळी हे काम हीन समजले जाई. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने तारामती रंगविली. राजपुत्र रोहिदास झाला तो भालचंद्र. ज्याचे बोलणे घरात कोणाला खरे वाटले नव्हते, तोच मुलगा आता पडद्यावर येणार होता! सरस्वतीबाई तर या कामाचा कणाच बनल्या. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत; चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांवर परतविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत; आणि रात्री अंधारात कोऱ्या चित्रफितीला भोके पाडण्याचे नाजूक काम करीत. सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनंतर चित्रपट पुरा झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

पुढे दादासाहेब नाशिकला गेले. तेथे त्यांनी अनेक चित्रपट निर्मिले. १९१७ सालच्या ‘लंकादहन’ला लोकांची झुंबड उडाली. ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. शहरांतील चित्रगृहांतून निघालेली ही करमणूक हळूहळू यात्रा-जत्रांतील तंबूंपर्यंत पोहोचली आणि खेड्यापाड्यांतील माणसेही आपल्या मुलाबाळांसह ते नवल पाहू लागली. पुढे चित्रपट बोलू लागला, काळ बदलला आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत जगाला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता. नंतर मात्र राष्ट्राने त्यांचे ऋण मानले. १९६९ पासून चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळके यांच्याच नावाने दिला जातो.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघून नाशिक शहर ओलांडले, की पांडवलेण्यांचा डोंगर दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी दादासाहेबांच्या नावाचे स्मारक आणि उद्यान आहे. पुढेमागे तुमच्या घरी कोठे तरी नव्या ठिकाणी जाण्याचा बेत निघेल. तेव्हा पैशांचा आणि शिदोरीचा हिशेब मोठी माणसे करतीलच. तुम्ही मात्र जाताना एक गोष्ट आठवणीने बरोबर न्या. ती म्हणजे उघडे डोळे. पाळण्यात बसल्यावर हसा, ओरडा. पण खाली उतरल्यावर तो पाळणा कशाने फिरतो, याचीही चौकशी करा. आणि जो कोणी घरी राहिला असेल, त्याला पुढच्या वेळी बरोबर घेऊन जाण्यास विसरू नका. एकट्याने पाहिलेल्या नवलाने दादासाहेबांचे समाधान झाले नाही. त्यांनी ते आपल्या कुटुंबाला दाखविले आणि त्याच कुटुंबाच्या साह्याने साऱ्या देशाला दाखविले. यातच त्यांचे मोठेपण आहे.