हरलेला खटला आणि र. धों. कर्वे

गेल्या वर्षी आपल्या कॉलेजात झालेल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी काय? चिठ्ठी उचलली तेव्हा माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. मी जोरदार तयारी केली. धर्म, निसर्ग, संतती, संस्कृती असे सगळे मुद्दे मांडले. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. पण समोर बसलेला माझा एक मित्र मान खाली घालून बसला होता, आणि पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्याचे कारण समजायला मला बराच उशीर लागला.

त्यानंतर मराठीच्या सरांनी र. धों. कर्वे यांच्यावर टिपण करायला सांगितले. संततिनियमनाचा प्रचार करणारे गृहस्थ, एवढीच माझी त्यांच्याविषयी माहिती होती. वाचत गेलो, तसतसे माझे भाषण मलाच पोकळ वाटू लागले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. वडिलांनी १८९३ साली दुसरे लग्न केले ते गोदूबाई या विधवेशी. मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. धर्म बुडाला, घराण्याला काळिमा लागला, असे लोक म्हणू लागले. समाजाने एखाद्या लग्नाला नाही म्हणावे म्हणजे काय होते, हे रघुनाथाने वयाच्या अकराव्या वर्षी घरातच पाहिले.

पुढे फर्ग्युसन कॉलेजातून ते पदवीधर झाले आणि वडिलांप्रमाणेच गणिताचे अध्यापक झाले. १९१९ मध्ये गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजात शिकवीत होते. त्यांची मते तेथील चालकांना मानवली नाहीत आणि प्राध्यापकी सोडण्याची वेळ आली. त्यांनी नोकरी सोडली, मते सोडली नाहीत.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देणारे मासिक त्या काळी मराठीत काढणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. पैशाची ओढाताण कायमची. पत्नी मालतीबाईंची मात्र खंबीर साथ होती. त्या स्वतः मिळवीत होत्या आणि घर सांभाळीत होत्या. मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवून हा संसार झाला आणि शेवटपर्यंत टिकला.

दुसऱ्याला इजा न करता आपले सुख शोधण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे, आणि स्त्रीलाही तो तेवढाच आहे, हे कर्व्यांच्या विचाराचे सार होते. १९३१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला. या वेळी निमित्त होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे. त्यांत हस्तमैथुनाविषयी आणि समलिंगी संबंधांविषयी लोकांनी विचारले होते. कर्व्यांनी कुणाला हिणवले नाही, शास्त्राला धरून उत्तरे दिली.

त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुणे कराराला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. अशा बदनाम खटल्यात पडण्याची त्यांना काही गरज नव्हती. पण लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, आणि एखादा प्रश्न विकृत वाटला तरी त्याला ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

कर्व्यांनी समलिंगी विवाहाची मागणी केली असे मी म्हणत नाही. तेव्हा हा प्रश्न अशा रूपात कुणापुढेच नव्हता. पण माझ्या भाषणातील एकेका मुद्द्याला त्यांच्या घराण्याच्या इतिहासातच उत्तर आहे.

मी म्हणालो होतो, विवाह संततीसाठी असतो. मग कर्वे आणि मालतीबाई यांचा विवाह खोटा होता काय? साठीत लग्न करणाऱ्या जोडप्याला कोणताही कायदा मुलांविषयी विचारीत नाही. मी म्हणालो होतो, समाजाची तयारी नाही. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्यानंतर सदतीस वर्षांनीही मुरूडची तयारी नव्हतीच. पण कायदा होता म्हणून महर्षींचे लग्न कायदेशीर ठरले. ज्यांना गावाने वाळीत टाकले, त्यांनाच देशाने १९५८ साली भारतरत्न दिले. मी म्हणालो होतो, हे खूळ पाश्चात्त्यांचे. पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे ३७७ वे कलम १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनीच घातले. म्हणजे बाहेरून आली ती बंदी.

राहिला धर्माचा मुद्दा. श्रद्धेपोटी विरोध करणारे सगळेच दुष्ट नसतात, माझ्या घरातही तशी माणसे आहेत. पण कोणत्याही देवळाला वा चर्चला विधी करण्याची सक्ती करा, अशी ही मागणीच नाही. मागणी आहे सरकारी नोंदणीची. तिच्याबरोबर वारसा येतो, निवृत्तिवेतन येते, जोडीदार आजारी पडला तर इस्पितळात त्याच्या वतीने सही करण्याचा हक्क येतो. दोन माणसांना हे मिळाल्याने तिसऱ्याच्या संसारातले काय कमी होते?

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क देण्यास नकार देऊन हा प्रश्न संसदेचा आहे असे सांगितले. नेदरलँड्सने २००१ मध्ये, तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने २०२५ मध्ये असे विवाह कायदेशीर केले. आपल्याकडे हा खटला तूर्त हरलेला आहे.

पण हरलेल्या खटल्यांची गोष्टच मला कर्व्यांनी शिकवली. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्व्यांनी नोकरी गमावली, ते काम सरकारी धोरण झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. त्यानंतर महिन्याभरातच 'समाजस्वास्थ्य'ही बंद पडले. सव्वीस वर्षे एका माणसाने ते चालवले होते.

त्यांना आदरांजली वाहण्याचा मला एकच मार्ग दिसतो. गेल्या वर्षी सभागृहात मी जे बोललो, ते सर्वांसमक्ष बोललो होतो, म्हणून सर्वांसमक्षच या लेखाने ते मागे घेतो. लेख छापायला देण्यापूर्वी माझ्या त्या मित्राला वाचायला दिला होता. मी एका ठिकाणी 'असली माणसे' असे लिहिले होते. त्याने त्यातला 'असली' हा शब्द खोडला आणि लेख परत दिला.