फ्रीडा काहलो : वेदना आणि नवसाचे चित्र

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये भाविक मेणाचे हात-पाय वाहतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. मेक्सिकोत हेच काम एक लहानसे चित्र करते. पत्र्याच्या तुकड्यावर आपला अपघात किंवा आजार रंगवायचा, वर ढगांत मेरी अथवा एखादा संत दाखवायचा, खाली हकीकत व आभार लिहायचे आणि ते चर्चमध्ये लावायचे. फ्रीडा काहलो (१९०७–१९५४) हिचे जीवन अभ्यासताना हे नवसाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

बालपणीच्या पोलिओमुळे तिचा उजवा पाय बारीक राहिला होता. १७ सप्टेंबर १९२५ रोजी ती बसने जात असताना ट्रामची धडक बसली. लोखंडी दांडा ओटीपोटात शिरला, पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला. डॉक्टर होण्याचा विचार तेथेच संपला. आईने तिला निजूनच रंगवता येईल असा ईझल करवून दिला आणि पलंगावर आरसा लावला. आरशात दिसे ते तिने रंगवले.

१९३२ मध्ये, पती दिएगो रिव्हेरासोबत अमेरिकेतील डेट्रॉइट येथे असताना, तिचा गर्भपात झाला. त्यावरील ‘हेन्री फोर्ड हॉस्पिटल’ हे चित्र तिने मुद्दाम धातूच्या पत्र्यावर काढले. रक्ताने माखलेल्या पलंगावर ती, आणि तिच्या हातातील लाल फितींना बांधलेल्या सहा वस्तू : अर्भक, गोगलगाय, कटीचे हाड आणि असेच काही. नवसाच्या चित्राची मांडणी येथे ओळखू येते. नाही ती फक्त ढगांतील मेरी. माझ्या मते, फ्रीडाच्या कलेचे मर्म या रिकाम्या जागेत आहे. नवसाचे चित्र संकट टळल्यावर काढतात. तिचे टळलेच नव्हते. शिवाय ती साम्यवादी होती. तिला श्रद्धेपेक्षा त्या चित्रांचे उघडे, न लाजणारे सांगणे जवळचे वाटले असावे.

पुढे ‘भंगलेला स्तंभ’ (१९४४) मध्ये तिच्या अंगभर खिळे आहेत, ‘जखमी हरीण’ (१९४६) मध्ये बाण. हुतात्मा संत सेबॅस्टियनची चित्रे आठवा.

तिच्या निळ्या घरात अशा जुन्या नवसचित्रांचा मोठा संग्रह होता. त्यांपैकी एकात तिला आपल्यासारखाच अपघात आढळला. तिने बसवर कोयोआकान हे आपल्या गावाचे नाव घातले, जखमी मुलीला स्वतःच्या जुळलेल्या भुवया दिल्या, आणि खाली आईवडिलांच्या नावाने मेरीचे आभार लिहिले. येथे मेरी आपल्या जागी आहे. तिला फ्रीडाने पुसले नाही.